विमानातली माणसे आणि तपासणीची रांग : कोकणातील एका लहान विमानतळावरचे प्रकरण

वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांना विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीतून सूट द्यावी की नाही, हा प्रश्न मोठ्या विमानतळांवर सहसा ऐकू येत नाही. तिथे कर्मचाऱ्यांसाठी वेगळे दार, वेगळे एक्स-रे यंत्र आणि वेगळे मनुष्यबळ असते, त्यामुळे तपासणी होते पण ती कोणाला जाणवत नाही. लहान विमानतळावर मात्र एकच यंत्र, एकच धातुशोधक चौकट आणि एकच रांग असते. त्या रांगेत प्रवाशांच्या मागे गणवेशातले कॅप्टन उभे राहिले, की हा प्रश्न सर्वांसमोर येतो. कोकण किनाऱ्यावरच्या अशाच एका विमानतळावरील प्रकरण येथे मांडले आहे. प्रशिक्षणवर्गातील चर्चेसाठी ते मांडलेले असल्यामुळे विमानतळ, विमान कंपनी आणि संबंधित माणसे यांची ओळख दिलेली नाही.

घटना

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले होते आणि चाकरमानी मुंबईला परतू लागले होते. आदल्या संध्याकाळी आलेले सत्तर-एक आसनांचे एटीआर विमान ढग खाली उतरल्यामुळे आणि पावसामुळे परत जाऊ शकले नाही. प्रवाशांना घरी किंवा लॉजवर पाठवावे लागले आणि विमानातले चौघे कर्मचारीही मुक्कामाला राहिले. दोन्ही वैमानिक आणि केबिनमधील ज्येष्ठ कर्मचारी महामार्गालगतच्या हॉटेलात उतरले. चौथी कर्मचारी, केबिनमधलीच एक मुलगी, याच जिल्ह्यातली होती. तिचे गाव विमानतळापासून तासाभराच्या आत असल्याने तिने कंपनीच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन रात्र घरी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडकलेले प्रवासी परतले. माहेरी आलेल्या लेकी, नातवंडे, म्हातारी माणसे आणि प्रत्येकाच्या हाती गावचे काही ना काही, यांमुळे तपासणीची रांग दारापर्यंत आली. महिलांच्या अंगझडतीसाठी पडद्याच्या खोलीत त्या दिवशी एकच महिला जवान होती. महिलेची झडती महिलेनेच घ्यायची हा नियम योग्यच आहे, आणि त्यात तडजोड होऊ शकत नाही. तरीही एका जवानाच्या हातून एका वेळी एकच झडती होणार असल्याने बायकांची रांग पुरुषांच्या रांगेच्या दुपटीने हळू सरकत होती.

चौघे कर्मचारी विमान सुटण्याच्या तासभर आधी पोचले. कॅप्टनांनी रांग पाहिली, घड्याळ पाहिले आणि तपासणीवर असलेल्या उपनिरीक्षकांना सांगितले, ‘‘साहेब, आम्हाला सोडा. हे विमान मीच उडवणार आहे, माझ्या बॅगेत तुम्ही काय शोधणार?’’ उपनिरीक्षकांनी त्यांना रांगेच्या पुढे घेतले, पण यंत्रातून जाण्यावाचून पर्याय नाही असे सांगितले. ‘‘कॅप्टनसाहेब, तुमच्यावर संशय नाही. पण सोडायचा अधिकार मला नाही.’’ कॅप्टन नाराज झाले, तरी बॅग पट्ट्यावर ठेवून चौकटीतून गेले. सहवैमानिक आणि ज्येष्ठ कर्मचारी त्यांच्यामागोमाग गेले.

चौथ्या मुलीची बॅग पट्ट्यावर थांबली. एक्स-रेच्या पडद्यावर अन्न, कापड, कागद अशा सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळा दिसतो, आणि किरण ज्यातून आरपार जात नाहीत असा जाड भाग काळा पडतो. बॅगेतल्या स्टीलच्या उभ्या डब्याची कड निळी होती, आतला ऐवज नारिंगी होता आणि त्या नारिंगीतून एक वाकडी गडद रेघ गेली होती. महिला जवानाने विचारले, ‘‘मॅडम, डबा उघडून दाखवता का?’’ झाकणावर कापड ताणून सुतळीने आवळलेले होते. गाठ सुटायला वेळ लागला. वर आमसुले होती, आणि त्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले विळीचे नवे पाते होते. गावच्या लोहाराकडून घडवून आणलेले ते पाते चांगले धारदार होते.

मुलगी गांगरली, कारण त्या पात्याची तिला खरोखरच कल्पना नव्हती. सकाळी निघताना शेजारच्या काकांनी तो डबा आणून दिला होता. डोंबिवलीला त्यांची लेक राहते, तिच्याकडे पोचवायचा होता. आत काय आहे हे तिने विचारले होते आणि काकांनी सांगितले होते, ‘‘सोलां आसत गो. नि तू तर विमानातलीच, तुका कोण तपासतलो?’’ म्हणजे आमसुले आहेत गं, आणि तू तर विमानातलीच, तुला कोण तपासणार?

उपनिरीक्षकांनी तिला दरडावले नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. त्यांनी नोंदवहीत वस्तू लिहिली, तिची सही घेतली, पाते विमान कंपनीच्या काउंटरवर ठेवायला दिले आणि घरच्यांना फोन करून ते नेण्यास सांगितले. आमसुले तिच्यासोबत गेली. विमान वीस मिनिटे उशिरा सुटले. त्यातला उशीर तपासणीमुळे किती आणि ढगांमुळे किती, यावर विमान कंपनी आणि विमानतळ यांच्यात पुढे वाद झाला. मुंबईला पोचल्यावर कॅप्टनांनी लेखी निवेदन दिले आणि कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांना तपासणीतून वगळावे अशी मागणी केली.

कॅप्टनांचे म्हणणे

हे निवेदन रागाच्या भरात लिहिलेले नव्हते. त्यातला पहिला मुद्दा सर्वांत वजनदार आहे. वैमानिकाला घातपात करायचा असेल तर त्याला सुरीची किंवा पिस्तुलाची गरज नसते; विमानाची नियंत्रणे त्याच्याच हाती असतात आणि आणीबाणीसाठी लागणारी कुऱ्हाड कॉकपिटमध्ये नियमानुसार ठेवलेलीच असते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे ९५२५ क्रमांकाचे विमान सहवैमानिकाने आल्प्स पर्वतावर नेऊन आदळले आणि विमानातले सर्व १५० जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन बाहेर गेले असताना त्याने कॉकपिटचे दार आतून बंद करून घेतले होते. त्याची बॅग कितीही वेळा तपासली असती तरी तिच्यात काही सापडले नसते.

दुसरा मुद्दा असा की या माणसांची पडताळणी आधीच झालेली असते. पूर्वचारित्र्याची पोलीस चौकशी, ठरावीक मुदतीने होणारी वैद्यकीय तपासणी, उड्डाणापूर्वी मद्यसेवनाची श्वासचाचणी आणि कंपनीचे ओळखपत्र यांतून गेल्यावर पुन्हा नखकात्री शोधण्यात काय हशील, असे कॅप्टनांनी विचारले होते. तिसरा मुद्दा वेळेचा होता. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मर्यादा घातली आहे आणि हजेरी लावल्यापासून ते तास मोजले जातात. रांगेत गेलेली मिनिटे त्याच हिशेबात धरली जातात, आणि पावसाळ्यात आधीच ताणलेल्या वेळापत्रकात ती जड जातात. शेवटी त्यांनी प्रवाशांचा उल्लेख केला होता. आपला जीव ज्याच्या हवाली करायचा तोच माणूस हात पसरून झडती देताना दिसला, तर प्रवाशाच्या मनात काय येईल, असा त्यांचा सवाल होता.

अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांना तपासणीत सवलत मिळते, हे उदाहरणही त्यांनी दिले होते. ते खरे आहे आणि त्याची दखल पुढे घेतली आहे.

ओळख कोणाची पटते

सूट मागताना आपल्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस असतो. तो अनुभवी असतो, त्याच्या नावावर हजारो तासांचे उड्डाण असते आणि त्याने कधी कोणाचे वाईट केलेले नसते. दारावरच्या जवानासमोर मात्र गणवेश, ओळखपत्र आणि बॅग एवढेच असते. त्यामुळे दिलेली सूट ‘वैमानिकाला’ मिळत नाही, तर वैमानिकासारखे दिसणाऱ्या आणि वैमानिकाचे ओळखपत्र जवळ असलेल्या कोणालाही मिळते. हा फरक कागदावर बारीक वाटतो, पण इतिहासात त्यासाठी माणसे मेली आहेत.

७ डिसेंबर १९८७ रोजी पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सचे १७७१ क्रमांकाचे विमान लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. ही कंपनी त्याच वर्षी यूएसएअरने विकत घेतली होती. यूएसएअरमधून चोरीच्या कारणावरून काढून टाकलेला डेव्हिड बर्क नावाचा कर्मचारी त्याच विमानात चढला, कारण ज्याने त्याला काढले तो अधिकारी त्या विमानातून प्रवास करत होता. नोकरी गेली तरी ओळखपत्र बर्ककडेच राहिले होते, आणि कर्मचाऱ्यांना तपासणी लागू नसल्यामुळे तो पिस्तूल घेऊन सहज आत गेला. हवेत त्याने गोळ्या झाडल्या, वैमानिकही मारले गेले आणि विमान कॅलिफोर्नियातील डोंगरावर कोसळले. विमानातल्या ४३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्यानंतर अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांनाही तपासणी लागू झाली आणि नोकरी संपताच ओळखपत्र काढून घेणे बंधनकारक ठरले. आज अनेक वैमानिकांना जाचक वाटणारा हा नियम असा आला.

गणवेशाच्या बाबतीत आपल्याला जवळचे उदाहरण ५ सप्टेंबर १९८६ चे आहे. मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे ७३ क्रमांकाचे विमान कराचीत उभे असताना चार हल्लेखोर विमानतळाच्या सुरक्षारक्षकांच्या वेशात, भोंगा बसवलेल्या गाडीतून थेट विमानापर्यंत आले. त्यांना वाटेत कोणी अडवले नाही, कारण त्यांच्या अंगावरचा वेश अडवणाऱ्यांचाच होता. विमानात घुसलेल्या त्या माणसांची सूचना केबिन कर्मचाऱ्यांनी कॉकपिटला दिली आणि वैमानिक बाहेर पडू शकले, त्यामुळे विमान जागेवरच राहिले. नीरजा भनोत यांनी त्या दिवशी प्रवाशांसाठी प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. केबिन कर्मचाऱ्यांवर विश्वास का ठेवावा याचे यापेक्षा मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही. तरीही हेच प्रकरण हेही सांगते की केवळ वेश पाहून दार उघडले तर त्याची किंमत त्याच कर्मचाऱ्यांना मोजावी लागते.

याला जोडून एक बाजू सहसा विसरली जाते. विमानात असलेला प्रत्येक कर्मचारी त्या उड्डाणावर कामाला असतोच असे नाही. दुसऱ्या ठिकाणचे विमान घेण्यासाठी किंवा घरी परतण्यासाठी तो प्रवासी म्हणूनही बसलेला असतो. ७ एप्रिल १९९४ रोजी फेडेक्सच्या मालवाहू विमानात मेम्फिसहून असाच एक कर्मचारी चढला. दुसऱ्या दिवशी त्याची शिस्तभंगाची सुनावणी होती. गिटारच्या खोक्यात त्याने हातोडे आणि मासे मारण्याची भाला-बंदूक आणली होती. तिन्ही विमान कर्मचारी गंभीर जखमी होऊनही त्यांनी विमान उतरवले. ‘नियंत्रणे माझ्याच हाती असतात’ हा कॅप्टनांचा युक्तिवाद या माणसाला लागू होत नाही. आमच्या प्रकरणातल्या चौघांपैकीही तो दोघांनाच लागू होतो. बाकीच्या दोघांच्या हाती विमान नसते, त्यांच्या हाती असते ती फक्त बॅग.

प्रामाणिक माणसाची बॅग

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते विळीच्या पात्यात नाही, तर काकांच्या त्या वाक्यात आहे. ‘तुका कोण तपासतलो’ हे त्यांनी कपटाने म्हटले नव्हते. कोकणात मुंबईशी देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या हातूनच होत आली आहे. बोटीच्या काळात बोटीवर ओळखीचा माणूस शोधायचे, मग एसटीचा कंडक्टर आला, पुढे रातराणीचा ड्रायव्हर आणि कोकण रेल्वेने जाणारा गाववाला आला. आमसुले, फणसाची साठे, आगळाच्या म्हणजे कोकमाच्या रसाच्या बाटल्या, सुकी मासळी, आजारी माणसासाठी वैद्याची पुडी, कधी बंद पाकिटात पैसे, असे सगळे कोणाच्या ना कोणाच्या पिशवीतून जाते. नेणाऱ्याने ‘आत काय आहे’ असे खोदून विचारणे हा देणाऱ्याचा अपमान समजला जातो. या व्यवहारात जिव्हाळा आहे आणि तो टिकावा असेच मला वाटते. पण गावातली मुलगी विमानात नोकरीला लागली आणि तिची बॅग उघडली जात नाही हे गावभर झाले, तर तिच्या दारात डब्यांची रांग लागेल. त्या रांगेत एखादा डबा काकांचा नसेल.

हे केवळ कल्पनेने लिहीत नाही. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी एल ॲल कंपनीच्या तेल अवीवला जाणाऱ्या विमानात बसायला निघाली होती. नेझार हिंदावी या तिच्या प्रियकराने तिला बॅग दिली होती आणि आपण मागाहून येऊन लग्न करू असे सांगितले होते. विमानतळाची तपासणी पार पडली. एल ॲलच्या स्वतःच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी मात्र तिला प्रश्न विचारले, बॅग रिकामी करूनही जड लागते हे त्यांच्या लक्षात आले, आणि तळाच्या खोट्या कप्प्यात सुमारे दीड किलो सेमटेक्स हे स्फोटक सापडले. तिला यातले काही ठाऊक नव्हते. हिंदावीला ४५ वर्षांची शिक्षा झाली. त्या तरुणीच्या प्रामाणिकपणात खोट नव्हती, आणि म्हणूनच तिची निवड झाली होती, कारण ज्याला काही लपवायचे नसते त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसत नाही.

विमान कर्मचाऱ्याला सूट मिळाली तर अशी निवड करणाऱ्याचे काम किती सोपे होईल, याचा विचार निवेदनात नाही. मुलीच्या घरच्यांना धमकावून तिला काही न्यायला लावणे, हीसुद्धा त्यातलीच शक्यता आहे. आज तिला असे कोणी सांगितले तर ‘माझी बॅग रोज उघडली जाते’ हे उत्तर तिच्याकडे आहे. म्हणजे तपासणी तिच्यावर पाळत ठेवत नाही, तिला नकार देण्याची सोय करून देते. कर्मचाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा असे मला कळकळीने वाटते.

बाहेरच्या माणसाचा हात आणि आतल्या माणसाची वाट यांची जोडी जमली की काय होते, हे अलीकडेही दिसले आहे. २ फेब्रुवारी २०१६ रोजी मोगादिशूहून निघालेल्या दाल्लो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमधल्या स्फोटकाने भोक पडले. विमान अजून फार उंच गेले नव्हते म्हणून ते परतू शकले आणि स्फोट घडवणाराच तेवढा मेला. तपासणीनंतरच्या भागात विमानतळावरच्या माणसाने लॅपटॉप त्याच्या हाती दिल्याचे सीसीटीव्ही चित्रणात दिसले.

अमेरिकेची वाट

अमेरिकेत २०११ पासून ‘नोन क्रूमेंबर’ नावाची व्यवस्था सुरू झाली, आधी वैमानिकांसाठी आणि मग केबिन कर्मचाऱ्यांसाठी. कर्मचारी वेगळ्या दाराशी जातो, त्याचे ओळखपत्र कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहिले जाते, पडद्यावर त्याचा फोटो येतो आणि तो आत जातो. त्यांपैकी काहींना मात्र अचानक निवडून पूर्ण तपासणीला पाठवतात. म्हणजे ज्या देशाचे उदाहरण कॅप्टन देतात, तिथेही सूट सरसकट नाही. या अचानक निवडीचा उपयोग मार्च २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला दिसला. निवड होताच एक केबिन कर्मचारी बॅगा तिथेच टाकून, पायातले बूट काढून पळून गेली. बॅगांमध्ये तीस किलोच्या आसपास कोकेन होते. ते अमली पदार्थ होते, स्फोटक नव्हते, आणि ती घातपाती नव्हती. पण ज्या बॅगेत कोकेन जाते तिच्यात दुसरेही काही जाऊ शकते, एवढे त्यातून कळते.

या व्यवस्थेचा खरा आधार माणसाची पारख नसून यादी हा आहे. २०२४ मध्ये दोन संगणक-सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले, की लहान कंपन्यांसाठी कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका संकेतस्थळात अगदी जुन्या आणि माहितीतल्या पद्धतीने शिरकाव करून मनात येईल ते नाव कर्मचारी म्हणून चढवता येते. आपली पडताळणी केवळ त्या यादीवर अवलंबून नाही, असे अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने सांगितले, आणि ती त्रुटी दूर करण्यात आली. तरीही लहान विमान कंपन्या आणि लहान विमानतळ यांच्यासाठी यातला इशारा स्पष्ट आहे. एवढी साधने असलेल्या देशात साखळीचा कच्चा दुवा लहान कंपन्यांकडेच निघाला. एकच यंत्र असलेल्या आपल्या विमानतळावर अशी यादी कोण सांभाळणार, नोकरी सोडलेल्याचे नाव त्याच दिवशी कोण काढणार आणि नेट बंद पडले तर काय करणार, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ही वाट आपल्याला झेपणारी नाही.

भारतातली कायदेशीर बाजू थोडक्यात सांगता येते. नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग १९७८ मध्ये महासंचालनालयाचा कक्ष म्हणून सुरू झाला आणि एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाच्या १९८५ मधील घातपातानंतर, १ एप्रिल १९८७ पासून, स्वतंत्र झाला. विमानात बसण्यापूर्वीच्या झडतीतून कोणाला सूट आहे याची यादी हाच विभाग ठरवतो. तिच्यात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल, मुख्यमंत्री अशी पदे आहेत, वैमानिक नाहीत. म्हणून उपनिरीक्षकांचे ‘मला अधिकार नाही’ हे उत्तर शब्दशः खरे होते, आणि त्यांनी ओळखीखातर कोणाला सोडले असते तर तो नियमभंगच ठरला असता.

जिथे कॅप्टन बरोबर आहेत

इतके सांगितल्यावर निवेदन बाजूला सारता येत नाही. वेळेबाबतची त्यांची तक्रार रास्त आहे. चार माणसांच्या तपासणीला काही मिनिटेच लागतात. वेळ गेला तो रांगेत आणि महिला जवान एकटी असल्यामुळे. गणपतीनंतरची गर्दी काही अचानक आलेली नव्हती, ती दरवर्षी त्याच दिवसांत येते आणि कॅलेंडरमध्ये आधीपासून दिसते. त्या आठवड्यात दुसरी महिला जवान नेमली असती तर हे निवेदन कदाचित लिहिलेच गेले नसते. नियमाचा जाच आणि मनुष्यबळाची कमतरता यांची गल्लत झाली की लोक नियमालाच दोष देतात, आणि तसे झाले तर चूक लोकांची म्हणता येत नाही.

सन्मानाचा मुद्दाही हलका नाही. रोज दोन-तीनदा परक्याच्या हातून झडती देणे त्रासाचे असते, आणि बायकांना तो त्रास अधिक होतो. तपासणारा जवान कसा बोलतो, बॅगेतले कपडे सर्वांसमोर उलगडतो की आडोशाला नेतो, वस्तू परत नीट ठेवतो की ढीग करून देतो, यावर ती तपासणी वाटेल की अवहेलना हे ठरते. प्रवाशांना काय वाटेल याबद्दल मात्र माझे मत कॅप्टनांपेक्षा वेगळे आहे. आपल्याच विमानाचा कॅप्टन आपल्याच चौकटीतून जाताना पाहून कोकणातल्या प्रवाशाला भीती वाटणार नाही. तपासणी सर्वांना आहे म्हटल्यावर ‘मीच का’ हा त्याचा स्वतःचा प्रश्नही उरणार नाही.

जर्मनविंग्जचा मुद्दाही खोडून काढण्याजोगा नाही. त्याचे उत्तर एक्स-रे यंत्राकडे नाही हे मान्य केले पाहिजे. ते उत्तर मानसिक आरोग्याच्या तपासणीत आहे, आणि आपला आजार सांगितला तर नोकरी जाईल या भीतीशिवाय वैमानिकाला बोलता येण्यात आहे. पण एका धोक्यावर यंत्र चालत नाही म्हणून दुसऱ्या धोक्यासाठीही ते बंद करायचे, हे तर्काला धरून नाही. कुलूप वाळवीपासून घर वाचवत नाही म्हणून कोणी दाराचे कुलूप काढत नाही.

समितीपुढे काय झाले

प्रत्येक विमानतळावर सुरक्षा समिती असते. तिच्यात विमानतळचालक, सुरक्षा दल, स्थानिक पोलीस आणि विमान कंपन्यांचे प्रतिनिधी बसतात. कॅप्टनांचे निवेदन या समितीपुढे आले. सूट देणे समितीच्या अधिकारात नसल्याचे नोंदवले गेले, पण विषय तिथे संपवला नाही हे बरे झाले. प्रवाशांची तपासणी सुरू होण्याआधीची काही मिनिटे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचे ठरले. मुक्कामाचे कर्मचारी असतील त्या दिवशी विमान कंपनीने सुरक्षा दलाला आदल्या रात्री कळवायचे, आणि गणपती, शिमगा, मे महिना आणि नाताळच्या दिवसांत महिला जवानांची संख्या वाढवायची, असेही ठरले. विमान कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना लेखी सूचना दिली, की स्वतः भरलेली नाही अशी कोणतीही वस्तू कामावर येताना आणू नये. त्या मुलीवर कारवाई झाली नाही. तिला समज देण्यात आली आणि प्रशिक्षणात तिचे नाव न घेता हे प्रकरण सांगितले जाऊ लागले.

विमान कंपनीच्या सूचनेत माझ्या दृष्टीने एक उणीव राहिली आहे. ‘आणू नये’ एवढे लिहून गावातला नकार सोपा होत नाही. शेजारच्या काकांना नाही म्हणायला त्या मुलीला ‘कंपनी काढून टाकेल’ असे खोटे का सांगावे लागावे? त्याऐवजी कंपनीने लहान विमानतळांवर कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचे सामान रीतसर मालवाहतुकीत, माफक दरात आणि तपासून घेण्याची सोय केली, तर डबा डोंबिवलीला पोचेल आणि मुलीची बॅगही मोकळी राहील. ही सूचना समितीत तोंडी झाली, पण इतिवृत्तात आली नाही.

त्याहून मोठी उणीव टर्मिनलच्या मागच्या बाजूला आहे. सफाईची गाडी, इंधनाचा टँकर, सामान चढवणारे हमाल आणि खाद्यपदार्थांची खोकी ज्या फाटकातून आत येतात, तिथे या विमानतळावर माणसांची झडती होते, पण खोकी बहुतेक वेळा झाकण उचलून नुसती डोळ्यांनी पाहिली जातात. कॅप्टनांनी सूट मागितली म्हणून पुढच्या दारावर दोन तास चर्चा झाली, आणि मागच्या फाटकावर कोणाचीच तक्रार नसल्यामुळे चर्चा झाली नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिला विषय त्या फाटकाचा असावा, तिथे एक लहान एक्स-रे यंत्र बसवण्याचा प्रस्ताव विमानतळचालकाने खर्चासह मांडावा, आणि निवेदन देणाऱ्या कॅप्टनांनाच त्या बैठकीला बोलवावे, असे माझे मत मी समितीच्या सचिवांना लेखी कळवले आहे.